पालकसभेत काय दाखवू? मुलांना गटात, त्यांच्या गतीनं शिकवण्याचा पुरावा हवाय

भोगावतीकाठ:
राधानगरी तालुक्यात आमची दोन शिक्षकी जिल्हा परिषद शाळा आहे. तिसरी ते पाचवी माझ्याकडं, पट २३. यंदा जूनपासून गणिताच्या तासाला मुलांना इयत्तेप्रमाणं बसवत नाही. ज्याला जिथपर्यंत येतं, त्यावरून गट.

नऊ जणांना हातच्याची वजाबाकी येत नव्हती, त्यात पाचवीतले दोघं. ५२ मधून २७ गेले की उत्तर ३५. खालच्या सातातून वरचे दोनच वजा करायचे. मी फळ्यावर कितीदा करून दाखवलं असेल, मोजदाद नाही. आता ते काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे घेऊन बसतात, एक गठ्ठा सोडावाच लागतो आणि हातात २५ उरतात. वहीतले ३५ आणि हातातले २५ बघून पोरं एकमेकांशी भांडतात. त्या भांडणात मला शिकणं दिसतं. पुढचा गट घरच्या दुधाच्या पावत्या आणतो. लिटर, फॅट, दर, रक्कम. पाचवीचे दशांश अपूर्णांक आम्ही त्यावरच केले.

गेल्या पालकसभेत मात्र ऐकावं लागलं, "बाई शिकवत न्हाईत, पोरंच पोरांना शिकिवत्यात. वह्या कोऱ्या हाईत." दोघं जण दाखला काढून इंग्रजी शाळेत घालायचं म्हणतात. मी शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ वाचून दाखवलं. कृतीतून, शोधातून, बालककेंद्री पद्धतीनं शिकवा असं २००९ च्या कायद्यातच आहे. कुणावर काही परिणाम झाला नाही, आणि त्यांचंही बरोबर आहे. कायद्यात लिहिलंय म्हणून पोराला गणित येत नाही.

तर खरोखर तपासलेलं असं काही आहे का? विरोधातलं असेल तर तेही सांगा. २३ पोरांचं वर्ष माझ्या हातात आहे.

ऊसकरी:
मॅडम, मी तुमच्या गावचा न्हाई, पर पालकच हाय. पोरगं घरात आलं की इचारतो, आज काय शिकिवलं? ते म्हणतंय, काय न्हाई, गटात बसलो. आता आम्ही काय समजायचं? आमच्या टायमाला गुरुजी फळा भरायचे, आम्ही उतरून घ्यायचो, बा वही बघून खूश. कोरी वही बघून पोटात गोळा येतो. शाळा सोडून दुसरं आमच्याकडं काय हाय पोरांना द्यायला? परदेशातलं संशोधन आम्हाला कळायचं न्हाई. पोरानं माझ्यापुढं बसून दहा दिवसांचं दुधाचं बिल काढून दाखवावं, माझी काय तक्रार न्हाई.

निवृत्त केंद्रप्रमुख, करवीर:
मॅडम, तुमच्या वर्गाला सगळ्यात जवळचा पुरावा मुंबई-बडोद्याचा आहे. २००१ ते २००३ या काळात 'प्रथम' संस्थेनं तिथल्या महापालिका शाळांत, तिसरी-चौथीत मागं पडलेल्या मुलांचे पंधरा-वीसचे गट केले आणि वस्तीतल्याच एखाद्या मुलीकडं रोज दोन तास सोपवले. कुठल्या शाळेत हे करायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं, म्हणून तुलना खरी. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञांनी सहकाऱ्यांसह ती केली. मुलं पुढं सरकली, आणि सगळ्यात मागची सगळ्यात जास्त. पण कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात त्यातला बराच फायदा ओसरला. म्हणून हे एका सत्रापुरतं करून सोडू नका.

पुढं हेच काम सरकारी शिक्षकांकडून करून घ्यायचा प्रयत्न झाला. बिहार, उत्तराखंडात जिथं नुसतं प्रशिक्षण आणि साहित्य दिलं, तिथं फारसं काही हललं नाही. हरियाणात रोजची वेळ राखून ठेवली, मुलं पातळीनुसार बसवली, वरून येऊन बघणारं माणूसही होतं. तिथं भाषेत फरक पडला. तुमचा गणिताचा तास रोज ठरल्या वेळी होतो ना? सभेत ते आवर्जून सांगा.

मोठ्या मुलांचं बघायचं तर २०१४ मध्ये २२५ अभ्यास एकत्र तपासले गेले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात सुमारे ३४ टक्के नापास, मुलं स्वतः काम करतात तिथं सुमारे २२ टक्के. पण ती महाविद्यालयात विज्ञान-गणित शिकणारी मुलं. चौथी-पाचवीला हे आकडे जसेच्या तसे लावू नका.

आता विरोधातलं. २०११ मध्ये १६४ अभ्यासांचा असाच आढावा निघाला. मुलांना साहित्य देऊन 'शोधा तुमचं तुम्ही' म्हणून सोडलं, तर सरळ समजावून सांगितलेल्यांपेक्षा ती मागं पडतात. शोधताना शिक्षक सोबत असेल, प्रश्न विचारत, चूक दाखवत, तर ती पुढं जातात. मी तीस वर्षं वर्ग बघितले. गट पाडून शिक्षक खुर्चीत बसलेत असेही पुष्कळ होते. 'ज्ञानरचनावाद', म्हणजे मूल करून बघत स्वतःच ज्ञान रचतं, असं म्हणून फरशी रंगवली आणि काम झालं असं समजणारे तर विचारू नका.

ऊसकरी दादांच्या शंकेलाही उत्तर आहे. २०१९ चा हार्वर्डचा अभ्यास. भौतिकशास्त्राचा तोच धडा काहींनी छान व्याख्यानात ऐकला, काहींनी गटात सोडवला. व्याख्यान ऐकलेल्यांना वाटलं आपल्याला जास्त कळलं. चाचणीत गुण जास्त पडले गटवाल्यांना. अडखळत शिकताना शिकतोय असं वाटतच नाही. तिथल्या मुलांना वाटलं नाही, तर आपलं पोरगं घरी येऊन "काय न्हाई" म्हणणारच.

आणि ही पद्धत कोल्हापूरला परकी नाही. शिक्षणतज्ज्ञ लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये इथंच सृजन आनंद विद्यालय काढलं.

भोगावतीकाठ:
सर, मनापासून आभार. १६४ अभ्यासांचं वाचून रात्री नोंदवही काढली. नऊपैकी सहा जण वजाबाकीतून पुढं गेलेत. तिघं अजून तिथंच, आणि गट गजबजला की नेमके तेच तिघं गप्प बसतात, काड्या शेजारचा मोजतो. त्यांना मी सोडून दिलं होतं, हे कबूल करायला हवं. आजपासून रोज पंधरा मिनिटं मी स्वतः त्या तिघांजवळ.

ऊसकरी दादा, तुमचं म्हणणं फार मोलाचं. पुढची सभा संध्याकाळचं दूध घालून झाल्यावर घेते. भाषण नाही. प्रत्येक घरानं दहा दिवसांच्या पावत्या आणायच्या, पोरगं बापाशेजारी बसून बिल काढणार. आणि जूनमधला चाचणीचा कागद आताच्या कागदाशेजारी ठेवणार, त्या तिघांचासुद्धा. कोरी वही का दिसते तेही सांगेन, आकडेमोड पाटीवर चालते आणि पाटी पुसली जाते. आता दिवसाचं शेवटचं एक गणित तारीख घालून वहीत उतरवून घेणार. घरी बघायला काहीतरी हवंच.

दाखला काढायचं म्हणणाऱ्या दोघांच्या घरी उद्या जाऊन येते.