मदत हवी आहे: जुन्या फिटरचं कसब नव्या पोरांच्या हाती कसं द्यायचं?

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या वेर्ण्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सची शिफ्ट सांभाळतो. आमचे सगळ्यात जुने फिटर काका चतुर्थीनंतर निवृत्त होतायत. बेअरिंगच्या हाऊसिंगला स्क्रूड्रायव्हर टेकवून मूठ कानाला लावली की कुठं बिघडलंय ते सांगतात. ग्रीस किती द्यायचं तेही हाताला ठाऊक. नवी पोरं मात्र अख्खी ग्रीस गन रिकामी करतात, आणि बेअरिंग उलट तापतं.

आयटीआयची मुलं हुशार आहेत हो. पावसाळ्यात बंद राहिलेली ४१५ व्होल्टची मोटर चालू करण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) तपासायची, हे तोंडपाठ. पण ब्रेकडाऊन आला की काका पुढे आणि पोरं टॉर्च धरून मागे. काकांचंही चूक नाही, प्रॉडक्शनवाले डोक्यावर उभे असतात.

शटडाऊनची, म्हणजे मशीन ठरवून बंद ठेवून करायची, कामं पोरांकडे देऊन काकांना नुसतं बघायला बसवावं असं मनात आहे. लॉकआउट-टॅगआउटमध्ये (कामाआधी मशीनची वीज तोडून कुलूप आणि पाटी लावणं) अर्थात सवलत नाही. कुणी असं केलंय का? काकांचा मान राखून ‘हात लावू नका’ हे कसं सांगितलंत? आणि पोरांच्या वहीत नेमकं काय लिहून घेता?