बी.एस्सी. गणितानंतर आधी एम.एस्सी. की बी.एड.? (सोलापूर)

मोहोळचा_पोरगा:
नमस्कार मंडळी. सोलापुरात बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय गणित. मास्तरकीच करायची, हे पक्कं. घरचे म्हणतात बी.एड. करून मोकळा हो, सर म्हणतात आधी एम.एस्सी. खरी अडचण वेगळीच आहे. ॲनालिसिसची (मर्यादा, सातत्य वगैरेंचं गणित) सिद्धता पाठ होते, पण कुणी 'का?' विचारलं की दातखीळ बसते. असा माणूस शिकवणार काय?

जुना_खडू:
आधी कुठल्या वर्गावर उभं राहायचंय ते ठरव. सहावी ते आठवीला टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) पेपर दोन, मग अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल, म्हणजे शिक्षक भरतीचं सरकारी संकेतस्थळ. अकरावी-बारावीला एम.एस्सी. आणि बी.एड. दोन्ही लागतं. सीनियर कॉलेजला एम.एस्सी.त ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, तिथं बी.एड. कुणी विचारत नाही. घर दोन वर्षं थांबत असेल तर एम.एस्सी. आधी कर. केगावला विद्यापीठात अर्ज टाक, जॅम ही एम.एस्सी.ची देशपातळीवरची प्रवेश परीक्षाही देऊन बघ की. मी उलटं केलं. नोकरी धरून रात्री अकराला ग्रुप थिअरी उघडायचो, डोळ्यांत शेंगाचटणी गेल्यासारखं व्हायचं.

एप्सिलॉनताई:
दातखिळीवर माझा उपाय: प्रमेयातली एक अट काढून टाकायची. क्लोज्ड इंटर्व्हलवर (दोन्ही टोकं धरून) कंटिन्युअस, म्हणजे न तुटणारं, फंक्शन बाउंडेड, म्हणजे मर्यादेत, असतं ना? आता ० वगळून ० ते १ वर १/x घे. ० जवळ गेलं की आभाळाला भिडतं. मग वहीतल्या सिद्धतेची नेमकी कुठली ओळ इथं मोडते, ते शोध. ओळ सापडली की 'का' सापडलं. आमच्या वेळी कुणी हे सांगितलं नाही, नुसत्या नोट्स उतरवून घेतल्या.

जुना_खडू:
बरोबर. आणि शिकवायला बी.एड.ची वाट कशाला बघतोस? गल्लीतलं सहावीचं पोर धर. पाऊण भागिले अर्धपाव (एक अष्टमांश) किती, विचार. 'उलटा करून गुणा' म्हणायचं नाही. पाऊण भाकरी घ्यायची, एकाला अर्धपाव, किती जणांना पुरेल? सहा. आमच्या आजोबांना पावकी, निमकी, पाउणकी (पाव, अर्धा, पाऊणचे पाढे) तोंडपाठ होती, त्यांना हे कोडं वाटलंच नसतं.

मोहोळचा_पोरगा:
काल शेजारच्या पोरीवर प्रयोग केला. घरात कडक भाकरी होती, तीच मोडली. ती म्हणते, "दादा, तुकडे सारखे कुठं झालेत? मग अर्धपाव कसं म्हणायचं?" पुन्हा दातखीळ.

एप्सिलॉनताई:
अरे, तिनं अटच काढून दाखवली की! पुढच्या वेळी कागदाची पट्टी घे, तीनदा दुमडली की आठ भाग सारखे होतात.