मागचा बंपर कापला तर गाडी खरंच जास्त पळते का?

तिसरा_गिअर (पुणे)
माझी जुनी पेट्रोल स्विफ्ट आता फक्त ट्रॅकसाठी आहे. मागच्या सीटा काढल्यात, रस्त्यावर चालवत नाही, ट्रकवर चढवून कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेला नेतो. मागच्या खेपेला पिटमध्ये एकाने वाकून गाडीच्या खाली पाहिलं आणि म्हणाला, "हे पॅराशूट बांधून फिरतोयस. बंपरची खालची वीतभर पट्टी उडव."

मला ते पटलं. बंपर म्हणजे नुसतं प्लास्टिकचं कवच. आतला बीम वरच्या बाजूला, त्याच्याखाली सगळी पोकळी. गाडीखालून आलेली हवा स्टेपनीच्या खड्ड्याला वळसा घालून त्या पोकळीत शिरते आणि तिथेच कोंडते. जुन्या होंडा सिविकचे मागचे बंपर लोक कितीतरी वर्षं कापतायत, भोकं पाडतायत, ते उगाच नाही. येत्या रविवारी करवत लावणार आहे. कोणाला चूक वाटत असेल तर कारण सांगा.

उलटा_वारा (नाशिक)
चूक वाटतंय. पॅराशूट ताज्या, न ढवळलेल्या हवेत उघडतं. तुमच्या बंपरपर्यंत पोचणारी हवा इंजिन, सायलेन्सरचा पाइप, सस्पेन्शन, चाकं या सगळ्यांवर आपटून थकलेली असते. वेग निम्मा झाला की हवेचा दाब चौथाई होतो. मग त्या पोकळीत कोंडायला उरतं किती?

मुख्य मुद्दा वेगळाच आहे. हॅचबॅकला मागे खेचणारी सर्वात मोठी गोष्ट म्हणजे तिच्या पाठीमागे तयार होणारा कमी दाबाचा पट्टा. वरचा प्रवाह छपराच्या टोकाला सुटतो, खालचा बंपरच्या खालच्या कडेला. ती कड तुम्ही कापून वर नेली की खालचा प्रवाह सायलेन्सर आणि स्टेपनीच्या खड्ड्यापाशीच वेडावाकडा सुटणार. पाठीमागचा दाब आणखी पडला तर पोकळीत वाचवलं त्याहून जास्त तिथे घालवाल. आणि मागच्या चाकांवरचा दाब कमी झाला तर ते वेगवान वळणात कळेल, सरळ रस्त्यावर नाही.

तिसरा_गिअर (पुणे)
मागून कापल्याने फायदा होतो हे तर १९३० च्या दशकातच जर्मनीत वुनिबाल्ड कॅम या इंजिनिअरने दाखवलं ना? लांब निमुळती शेपटी मध्येच कापली तरी गाडी हवेत जवळपास तेवढीच सहज जाते.

उलटा_वारा (नाशिक)
कॅमची शेपटी कापण्याआधी नीट उतरत आलेली असते. हवा अंगाला चिकटून असतानाच ती सोडून द्यायची, ही त्याची कल्पना. तुमच्या गाडीखाली हवा चिकटलेलीच नाही, तर कापून सोडणार काय?

आकडे मांडून बघा. या आकाराच्या हॅचबॅकचा हवेच्या विरोधाचा गुणांक गुणिले समोरचं क्षेत्रफळ अंदाजे ०.७ चौरस मीटर धरा. ताशी १५० किमीला विरोध साधारण ७३० न्यूटन, म्हणजे फक्त हवा फाडायला जवळपास ४० हॉर्सपॉवर. ७५ ला तेच काम ५ हॉर्सपॉवरमध्ये होतं, कारण शक्ती वेगाच्या घनाने वाढते. कापून ३ टक्के वाचले असं उदार मनाने धरलं, तरी १५० ला सव्वा हॉर्सपॉवर. करीसारख्या वळणावळणाच्या छोट्या ट्रॅकवर तुम्ही १५० ला असता तरी किती वेळ? तेवढे पैसे टायरवर घाला.

वळणवेडा (पणजी)
टायरचं शंभर टक्के मान्य. एक भर घालतो. कापलेली कड मोकळी राहिली तर वेगात फडफडते आणि क्लिपा उपटते. कापणारच असाल तर आतून ॲल्युमिनियमची पट्टी रिव्हेट करा. रस्त्यावरच्या गाडीला मात्र कोणीही हा उद्योग करू नये.

उद्यमनगरी (कोल्हापूर)
भावांनो, दोघेही अंदाजावर भांडताय. करवतीआधी मोजा की. आमच्याकडे गवंडी लेव्हल काढायला पारदर्शक नळी वापरतात तीच घ्या. यू आकारात वाकवून थोडं रंगीत पाणी भरा आणि गाडीत फळीवर बांधा. एक टोक बंपरच्या पोकळीत, दुसरं बंपरच्या बाहेरच्या पाठीवर. आत खरंच हवा कोंडत असेल तर आतल्या बाजूचं पाणी खाली दबेल. शेजारी बसलेल्याने मोबाइलवर शूटिंग करायचं, चालवणाऱ्याने बघायचं नाही.

१ मिमी पाणी म्हणजे जवळपास १० पास्कल. ताशी १०० ला समजा ५ मिमी फरक दिसला. कापायची पट्टी १.२ मीटर लांब आणि २० सेंमी उंच धरली, तर जोर होतो सुमारे १२ न्यूटन. त्या वेगाला एकूण विरोध सव्वातीनशेच्या आसपास, म्हणजे साडेतीन टक्के. तेवढं निघालं तर पुणेकरांचं पॅराशूट खरं. पाणी हललंच नाही तर नाशिककर बरोबर.

माझं स्वतःचं मत विचाराल तर कापूच नका, खालून झाका. मागच्या एक्सलपासून बंपरच्या कडेपर्यंत पातळ पत्र्याचा तळ मारा, मागे जाताना हळूहळू वर उचललेला. हवा पोकळीत शिरणारच नाही आणि कडही शाबूत राहील.

तिसरा_गिअर (पुणे)
पत्र्याचा विचार केला होता. पण माझा मागचा सायलेन्सर खालीच लटकतो, बंद केला तर उष्णता कोंडेल. वजनही वाढतं. कापल्यावर उलट अर्धा-पाऊण किलो कमी होतं.

उद्यमनगरी (कोल्हापूर)
सायलेन्सरभोवती पत्रा मोकळा सोडायचा, बाकीचं झाकायचं.

उलटा_वारा (नाशिक)
नळीची कल्पना मला आवडली. पण ती फक्त आजची पोकळी दाखवेल, कापल्यावर पाठीचा दाब कुठे जातो ते नाही. म्हणून दुसरी चाचणीही करा. सपाट, रिकाम्या धावपट्टीवर १०० ला न्यूट्रल करून ७० पर्यंत यायला लागणारा वेळ मोजा, दोन्ही दिशांनी, निदान पाच-पाच वेळा. बंपर कापण्याआधी आणि नंतर टायरमधली हवा आणि टाकीतलं पेट्रोल तेवढंच ठेवा. कापल्यावर जास्त वेळ लागला तर मी इथेच येऊन मान्य करेन.

तिसरा_गिअर (पुणे)
मग रविवारी करवत नाही, नळी. आतलं टोक कुठे ठेवू, मधोमध की कोपऱ्यात?

उद्यमनगरी (कोल्हापूर)
दोन्हीकडे, आळीपाळीने. टोक गाडीच्या पुढे तोंड करून ठेवू नकोस, नाहीतर झोत थेट आत घुसेल. आणि सायलेन्सरच्या बाजूचा कोपरा सोड, नळी वितळेल.