पदवी मिळाली की लगेच आर्किटेक्ट? नोंदणीआधी परीक्षा हवीच

होटगी_रोड
सोलापुरात 19 वर्षं प्रॅक्टिस करतोय. आपल्याकडे बी.आर्क.ची 5 वर्षं संपली की कागदपत्रं आणि फी भरून कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा नोंदणी नंबर मिळतो. 1972 च्या आर्किटेक्ट्स कायद्याप्रमाणे मान्य पदवी पुरते, वेगळी परीक्षा नाही. ती असावी, आणि साइटवर दोन वर्षं काढल्यावरच असावी, असं माझं मत आहे.

नंबर मिळाला त्याच वर्षी जुळे सोलापूरला एक बंगला केला. पश्चिमेला बेडरूम आणि तिला भिंतभर काच. कॉलेजच्या ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोर डिझाइन मांडताना, असल्या काचेचं कौतुक व्हायचं. मे महिन्यात त्या घरचे आजोबा दुपारनंतर खोलीत पाऊल ठेवीनात. त्याच्या आधी, पायाच्या खड्ड्यात चार फुटांवरही काळी मातीच होती, तरी मी पीसीसी, म्हणजे पायाखालचा साधा काँक्रीटचा थर, टाकायला सांगत होतो. मिस्त्रीने थांबवलं. "मालक, मुरूम लागू द्या. ही माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. भिंती तडकतील." मुरूम सात फुटांवर लागला. तो मिस्त्री नसता तर? त्या कुटुंबाने सगळी पुंजी त्या घरात घातली होती.

नव्या_पेठेतली
सर, तुमचा अनुभव मनापासून पटला, उपाय पटला नाही. माझी नोंदणी होऊन दोन वर्षं झाली. वडील यंत्रमागावर आहेत, शिक्षणाचं कर्ज अजून फिटायचंय. बारावीला गणित, मग नाटा ही प्रवेश परीक्षा, मग दहा सेमिस्टर, थीसिस, ज्युरी. त्यावर अजून एक परीक्षा आली की पुण्यात तिचे क्लास सुरू होणार आणि तिथली खोली, मेस, फी ज्याला परवडेल तो पास होणार. ज्याच्या वडिलांचं ऑफिस आहे त्याची दोन वर्षं आरामात निघतील. माझ्यासारखीने तेवढे दिवस कशावर काढायचे?

दुसरं असं की सुप्रीम कोर्टाने मार्च 2020 मध्ये सांगितलंय की कायद्याचं कलम 37 'आर्किटेक्ट' या नावाला संरक्षण देतं, कामाला नाही. म्हणजे नोंदणी नसलेला माणूस ते नाव न लावता डिझाइन करू शकतो. परीक्षा फक्त आम्हालाच अडवणार.

मुरूम_आणि_सळई
मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. होटगी रोडवाले सर, पायाची खोली ठरवणं माझं काम आहे. त्या बंगल्याला इंजिनिअर नव्हता का? आर्किटेक्टला फुटिंगचं गणित आलं नाही तरी चालेल. पण काळी माती दिसली की माती तपासून घ्या, इंजिनिअरला बोलवा, एवढं मालकाला सांगता आलं पाहिजे. तेवढ्यासाठी मी परीक्षेच्या बाजूने आहे.

होटगी_रोड
इंजिनिअर होते, पण खड्डा बघायला त्यांना बोलवायचं मलाच सुचलं नाही. चूक माझीच.

ताई, क्लासची भीती खरी आहे. पण मी म्हणतोय ती पाठांतराची परीक्षा नाही. अमेरिकेत लायसन्सच्या परीक्षेचे 6 भाग आहेत. ऑफिस आणि प्रकल्प कसा चालवायचा, जागेचा अभ्यास, डिझाइन, कामाची ड्रॉइंग्ज, बांधकामावरची देखरेख असे विषय. जोडीला 3,740 तासांच्या अनुभवाची नोंद लागते. रोज 8 तास धरले तर पावणेदोन वर्षांच्या आसपास. इंग्लंडमध्येही पार्ट 3 हा नोंदणीआधीचा शेवटचा टप्पा कामाच्या अनुभवानंतरच येतो. कंत्राटदाराचं बिल कसं तपासायचं, मालकाशी करार कसा करायचा, हे मला कॉलेजात धड कुणी शिकवलं नाही.

साखर_पेठ_निवृत्त_शिक्षक
मी वास्तुकला शिकवली. परीक्षेला माझा विरोध आहे, आणि तो मुलांच्या दयेपोटी नाही. ट्रेनिंग आपल्या अभ्यासक्रमात आधीपासूनच आहे, ते आपण वाया घालवतो. मुलं ऑफिसात प्रिंट काढतात, थ्रीडी व्ह्यू करतात, शेवटी एका बैठकीत सगळ्या लॉगबुकवर सह्या होतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि अशा सह्या मी स्वीकारल्याही आहेत, त्याची खंत आहे. वकिलांना बार कौन्सिलची परीक्षा 2011 पासून आहे. तिने अशिलाला नेमकं काय मिळालं, हे मला कुणी समजावून सांगावं.

आणि 30 सप्टेंबर 1993 आठवा. किल्लारीच्या भूकंपात माणसं गेली ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरच्या मातीच्या जड छपरांखाली. त्या घरांना आर्किटेक्ट नव्हताच. आपली चर्चा त्या घरांपर्यंत पोचतच नाही.

विजापूर_रोड_घरमालक
मी या धंद्यातला नाही. पाच वर्षांपूर्वी घर बांधलं. नकाशा एका ड्राफ्ट्समनने काढला, परवानगीसाठी सही एका आर्किटेक्टची. त्यांना मी एकदाही भेटलो नाही, ते प्लॉटवर आले नाहीत. जिन्यात आजही वाकून चढावं लागतं. परीक्षा पास झालेला माणूस न बघता सही देणार नाही, याची खात्री कोण देणार?

नव्या_पेठेतली
काका, मला अशी सही द्यायला दोनदा विचारलं गेलं. एकदा घरात खरंच पैशांची गरज होती. नाही म्हटलं, पण रात्रभर झोप लागली नाही.

सर, परीक्षा घ्यायचीच तर मराठीत घ्या, फी नाममात्र ठेवा, आणि त्या दोन वर्षांत जगण्यापुरता पगार देणं ऑफिसला बंधनकारक करा. एवढं होणार नसेल तर माझा विरोध कायम.

होटगी_रोड
पगाराची अट मान्य. ती माझ्या डोक्यात आली नव्हती, यायला हवी होती. परीक्षेवर मात्र मी ठाम आहे. शिक्षक सर म्हणतात ते लॉगबुकही तिच्यात धरा, आणि काकांना भेटली तशी सही दिल्याचं सिद्ध झालं तर नोंदणी थांबवा.

माझ्याकडे सध्या दोन मुली ट्रेनिंगला आहेत. महिनाभर दोघी स्क्रीनसमोरच बसल्यात. सोमवारी अक्कलकोट रोडच्या साइटवर खोदाई सुरू होतेय. दोघींना तिथे नेतो, मुरूम लागेपर्यंत.

मुरूम_आणि_सळई
किती वाजता ते कळवा. मीही येतो.