मांजरपाटावर वारली: तांदळाची रेघ का सुटते?

प्रश्न: दोन बाय तीन फुटी मांजरपाटावर (जाड, कोऱ्या सुती कापडावर) गेरू देऊन तांदळाच्या पिठाने लग्नचौक, म्हणजे लग्नाचं वारली चित्र, काढतोय. वाळल्यावर रेघेवर बोट फिरवलं की पांढरी भुकटी येते. गुंडाळलं की गेरूसकट तडे जातात. ॲक्रिलिक नको आहे.

प्रतिसाद १: पीठ घट्ट होतंय. तांदळाची रेघ ओली असताना फिकीच दिसते, पांढरेपण वाळल्यावर येतं. तेवढं न थांबता पीठ वाढवलं की रेघ कापडात न मुरता वरवर बसते. तांदूळ रात्रभर भिजवून गंधासारखा वाटा, मलमलीतून गाळा. काडीवरून थेंब सहज पडला पाहिजे. वाटीभराला बाभळीच्या डिंकाचं दाट पाणी दोन चमचे. त्याहून जास्त झालं तर रेघ चकाकते आणि कडक होऊन तुटते. लागेल तेवढंच वाटा. आंबलेल्या पिठावर पुढे बुरशी धरते.

प्रतिसाद २: तडे गेरूमुळे. भिंत हलत नाही, म्हणून तिथे शेणामातीवर जाड हात चालतो, कापडावर नाही. आधी मांजरपाट गरम पाण्यात धुऊन खळ पूर्ण काढा, नाहीतर गेरू धरत नाही. फळीवर ताणून, चाळलेला गेरू डिंकाच्या पाण्यात कालवून दोन पातळ हात द्या, एक उभा, एक आडवा. पहिला पुरता वाळल्याशिवाय दुसरा नको, आणि वाळवायचं सावलीत. घडी कधीच घालू नका. जाड नळीवर चित्र बाहेरच्या बाजूला ठेवून गुंडाळा.

प्रतिसाद ३: दोन्ही बरोबर, पण ॲक्रिलिकला इतका नकार कशाला? वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी १९७०च्या दशकात ही चित्रं कागद-कापडावर नेली, तेव्हापासून साहित्य बदलतच आलंय. धुवायच्या पिशवीवर किंवा साडीवर तांदूळ टिकणारच नाही, तिथे कापडाचा रंगच हवा. मला खटकतो तो विषय. लग्नचौक सवासिनी लग्नघरात काढतात, मध्ये पालघट ही सुफलतेची देवी असते. दिवाणखान्यासाठी तारपा नाच घ्या, म्हणजे तारपा हे फुंकवाद्य वाजवणाऱ्याभोवतीचा वेटोळ्याचा नाच. आधी तारपावाला काढा, मग वेटोळं आतून बाहेर न्या. बाहेरून सुरुवात केली की मधे जागा उरत नाही.

प्रश्नकर्ता: काढलेला भाग वाचेल का?

प्रतिसाद १: भुकटी येतेय तिथे डिंकाचं अगदी पातळ पाणी हातभर अंतरावरून फवारा, दोनदा, मधे वाळू देऊन. ब्रशने लावलंत तर तांदूळ गेरूत कालवला जाईल. तडे मात्र बुजणार नाहीत.