सामायिक स्वयंपाकघर मध्यावर की फाटकापाशी?

मुळशीकर: आम्ही बारा कुटुंबं मुळशीकडे एकत्र राहायला जातोय. घरं ज्याची त्याची. स्वयंपाकघर, जेवणाची खोली आणि पाहुण्यांच्या दोन खोल्या सामायिक. कोहाउसिंग म्हणतात ते. आराखड्यात सामायिक घर फाटकापाशी दाखवलंय. परवा खुंट्या ठोकल्यावर शेवटच्या घरापासून चालून बघितलं. १८० पावलं, त्यातली ४० चढाची. एवढं असेल तर लोक घरीच कुकर लावतील. ते मध्यावरच हवं.

गिरगावची: मध्यावर म्हणजे कोणाच्या दाराशी, ते आधी सांगा. आमच्या चाळीत सार्वजनिक नळ आमच्या दाराला लागून होता. पहाटे चारपासून बादल्यांचा खडखडाट, आणि आई दिवसभर उंबऱ्यापुढचं पाणी निपटतेय. मजल्याला सोय, आम्हाला ओल!

बिऱ्हाडकरू: पावलं मोजण्यापेक्षा रोजची वाट कुठून जाते ते बघा. ही कल्पना मूळ डेन्मार्कची. हिलरॉडजवळ १९७२ मध्ये २७ घरांची पहिली वसाहत झाली. पुढे अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसला, १९९१ मध्ये २६ घरांची. अशा वसाहतींत गाड्या शक्यतो कडेलाच थांबतात आणि सामायिक घर गाडीतळ ते घर या वाटेवर असतं. येता-जाता डोकावलं जातं, कोण काय शिजवतंय कळतं, माणूस थांबतो. त्या हिशोबाने तुमचं फाटक बरोबर आहे.

मुळशीकर: कामाला जाणाऱ्यांसाठी ठीक. आमच्यात बहुतेक निवृत्त. फाटकाबाहेर पडणार आठवड्यातून दोनदा, जेवणार रोज दोनदा! आणि मुळशीचा जुलै पाहिलाय का? एका हातात छत्री, दुसऱ्या हातात काठी. आमटीचा डबा कोणी धरायचा?

गिरगावची: वाटेवर पत्रे टाका की.

मुळशीकर: १८० पावलं पत्रे? ताई, खर्च तुम्ही देताय का?

बिऱ्हाडकरू: सिलिंडर आणि भाजीचा टेम्पो कुठवर येणार? मध्यावर स्वयंपाकघर नेलंत तर टेम्पोही आत आणावा लागेल. मग मुलांना मोकळं अंगण कसलं राहतंय? माझ्या मते खरी अडचण अंतराची नाही, चढाची आहे. तेवढा चढ सौम्य करून कठडा लावा.

मुळशीकर: चढाचं पटलं. टेम्पोचं नाही. भाजी ढकलगाडीवर आणता येते, सासूबाई नाही.

गिरगावची: 😀 बरं, ते शेवटचं घर कोणाचं, हेही सांगून टाका.

मुळशीकर: आमचंच. म्हणून मुद्दा खोटा ठरतो का?

सहा_नंबर: नमस्कार काका. मध्यावरचं घर आमचं. स्वयंपाकघर शेजारी आलं तर एक्झॉस्टचं तोंड कुठल्या बाजूला ठेवणार? आमच्या झोपायच्या खोलीची खिडकी तिकडेच आहे.

मुळशीकर: अरे, तूही इथे आहेस होय! रविवारी साइटवर ये. मी टेप आणतो.

सहा_नंबर: येतो. पण खुंटी हलवायची नाही.