मुलांनी कंदील विकून ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी पैसे पाठवावेत का?

अटलांटाची आई
इथे अमेरिकेत आमच्या मराठी शाळेतली मोठी मुलं दर दिवाळीला आकाशकंदील करून विकतात. जमलेले पैसे एका संस्थेमार्फत बीड जिल्ह्यातल्या हंगामी वसतिगृहाला जातात. आई-बाप ऊसतोडीला गेले की मुलं तिथे राहून गावातल्याच शाळेत शिकतात. यंदा पालकसभेत सूचना आली की हा खटाटोप बंद करू, प्रत्येक घरानं सरळ चेक द्यावा. मला हे अजिबात पटलेलं नाही. बांबूच्या कामट्या तासायच्या, दोऱ्यानं सांगाडा बांधायचा, खळ लावून पतंगी कागद ताणून बसवायचा. खळ जास्त झाली की कागद फाटतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एवढं करून मिळालेले पैसे त्या मुलाचे स्वतःचे असतात, बापाच्या कार्डावरचे नसतात. शिवाय पैसे कुठे जाणार हे गिऱ्हाईक विचारतंच. मग नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' का म्हणतात, मजूर पुरवणारा मुकादम आगाऊ उचल कशी देतो, हे आधी स्वतःला कळावं लागतं.

हिशोबी
ताई, सूचना माझ्यासारख्यांचीच आहे, म्हणून लिहितो. सामान पालक आणतात, हॉलचं भाडं पालक भरतात आणि कंदील घेतात तेही बहुतेक पालकच. आपलाच पैसा आपल्यात फिरवून, वाटेत खर्च वजा करून उरलेला पाठवायचा. तो खर्चही वसतिगृहाला गेला असता. मुलांना हस्तकला जरूर शिकवा, पण तिला समाजसेवा म्हणू नका. कॉलेजच्या अर्जात एक ओळ वाढावी म्हणून हे करणारी घरंही आहेत, हे सगळ्यांना माहीत आहे.

गावाकडचा मास्तर
मी बीडमधल्या माजलगाव भागात शिकवतो. चेक की कंदील, याच्याआधी तारखेचं बोला. तुमचे पैसे दिवाळीनंतर निघतात. आमच्याकडे दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या हलायला लागतात. मूल बरोबर न्यायचं की आजीजवळ ठेवायचं, हे ट्रॅक्टरमध्ये भांडीकुंडी चढायच्या आधी ठरतं. तेव्हा वसतिगृहात चूल पेटलेली दिसली, तर माणसं मूल मागे ठेवतात. 'पंधरा दिवसांनी सुरू होईल' यावर कुणी विश्वास टाकत नाही. मग मोठी मुलगी धाकट्याला सांभाळायला उसाच्या फडावर जाते, ती गुढीपाडव्याच्या आसपास परत येते आणि तोवर वर्ग पुढे निघून गेलेला असतो. अनुदान हातात पडेपर्यंत किराणा उधारीवर चालतो. तुमचे पैसे सप्टेंबरात आले तर त्यांचं मोल वेगळं आहे.

आणि एक विनंती. मागे एका मंडळानं व्हिडिओ कॉल लावून आमच्या पोरांकडून एकेक करून 'थँक्यू' म्हणवून घेतलं. वर्गात फळ्यावर सगळ्यांच्या आधी गणित सोडवणारी मुलगी मान खाली घालून बसली होती. पुन्हा तसं करू नका.

सोलापूरकर
मास्तरांबद्दल आदर आहे, पण मूळ प्रश्नाला कुणी हात घालत नाही. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्यानं दिलाय. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी शासकीय वसतिगृहांची योजना २०२१ मध्ये राज्यानं मंजूर केली. साखर विकून पैसे कारखाने कमावतात, मजूर मुकादम आणतो आणि पोरांच्या जेवणासाठी अटलांटात कंदील विकायचे? अशा मदतीनं ज्यांची जबाबदारी आहे ते सुटतात. मुलांना काही करायचंच असेल तर मंत्र्यांना पत्रं लिहू देत.

गावाकडचा मास्तर
पत्रं लिहाच, मीही लिहितो. पण योजना कागदावरून गावात येईपर्यंत आज चौथीत असलेलं पोर कोयता धरायच्या वयाचं होतं.

सीए, ठाणे
नियमाचं सांगतो, कारण इथे संस्था अडकतात. अमेरिकेतल्या मंडळाची देणगी हे परदेशी अंशदान आहे. एफसीआरए, म्हणजे परदेशी अंशदान नियमन कायदा, याखाली नोंदणी असलेल्या संस्थेलाच ती घेता येते, तीही स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच. २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्के आहे आणि हा पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. म्हणजे पैसे घेणाऱ्या संस्थेनंच वसतिगृहाचा खर्च केला पाहिजे. भारतीय पासपोर्ट असलेल्यानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी यात धरत नाहीत. ओसीआय कार्डवाल्यांना, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना, मात्र ही सवलत नाही.

अटलांटाची आई
मास्तर, तारखेचं मनावर घेतलं. गणपतीच्या कार्यक्रमातच कंदिलांची आगाऊ नोंदणी करू, पैसे तेव्हाच घेऊ आणि कंदील दिवाळीत देऊ. व्हिडिओ कॉल नाही, फोटो नाहीत. हिशोबी, मुलांच्या मेहनतीला तुम्ही नुसता खर्च म्हणता, ते मला मान्य नाही. मागच्या दिवाळीपासून आमच्या घरात मराठवाड्याची बातमी माझ्याआधी मुलगा वाचतो. चेकनं हे झालं नसतं.

हिशोबी
तुमच्या मुलाचं ऐकून आनंद झाला, पण पैसे वसतिगृहासाठी गोळा होतात, त्याच्यासाठी नाही. आगाऊ नोंदणी करा, ते ठीक आहे. पण सामान आणि भाडं विक्रीतूनच वजा करा आणि निव्वळ शिल्लक किती पाठवली ते सगळ्यांना दिसेल असं लावा. मी यंदा कंदील घेणार नाही. चेक देईन, तोही सप्टेंबरात. पुढच्या सभेत दोन्ही आकडे शेजारी ठेवू.